मधले निवेदन

रविवारी दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलो असताना भाच्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "मामा, हे बघ, जगातलं पहिलं रॅप." १९४०च्या दशकातील त्या कृष्णधवल चित्रफितीत ज्युबिलेअर्स नावाची कृष्णवर्णीय गायकांची चौकडी बायबलमधल्या नोहाच्या तारवाची गोष्ट सांगत होती. एक जण यमके जुळवत झपाझप, जवळजवळ बोलतच पुढे जात होता आणि बाकीच्यांनी मागे सूर धरला होता. ऐकायला ते खरोखरच रॅपसारखे होते, पण 'जगातलं पहिलं' हे शब्द कानावर पडले की माझ्यातला खवचट माणूस जागा होतो. याच्याही आधीचे ऐकवतो, असे मी म्हणालो आणि घड्या तशाच राहिल्या.

गाणारा मध्येच गाणे सोडून बोलू लागतो, ती जागा मला गाण्याहून अधिक आवडते. याचे मूळ बहुधा सहावीच्या स्नेहसंमेलनात असावे. समूहगीताच्या पहिल्याच तालमीत बाईंनी पेटी थांबवली, एकेकाच्या तोंडाशी कान नेत त्या माझ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तू आपलं मधलं निवेदन कर." मी निवेदन करू लागलो. पेटीवर षड्ज चालू असे आणि तबल्यावर बसलेला नववीतला मुलगा काही केल्या ठेका सोडायला तयार नसे, त्यामुळे माझी वाक्ये आपोआप समेवर येऊन आदळू लागली. बाई हाताने 'सावकाश, सावकाश' अशी खूण करत राहत. पण ठेकाच मला ओढून नेत असे, त्याला मी काय करणार?

म्हणूनच क्रिस बूशिलॉन या माणसाविषयी मला ममत्व वाटते. साउथ कॅरोलिनाच्या या गोऱ्या गायकाने १९२६ साली अटलांटा येथे कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. असे सांगतात की, त्याचे गाणे तिथल्या साहेबांना पसंत पडेना, बोलणे मात्र आवडले, तेव्हा गिटार चालू राहू दे आणि तू नुसता बोल, असे त्याला सांगण्यात आले. 'टॉकिंग ब्लूज' ही ती तबकडी १९२७ साली निघाली आणि पुढे त्या प्रकारालाच हे नाव पडले. स्वर्गात जायचे असेल तर मटणाच्या रश्श्याने पाय माखून घ्यावेत, म्हणजे सैतानाच्या हातून निसटता येते, असा सल्ला तो इतक्या निर्विकारपणे देतो, की भाच्यालाही हसू आवरेना.

अर्थात तबकडीवर सापडते तेवढेच खरे मानले तर फसगत होते. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, दारूच्या गुत्त्यांत आणि तुरुंगांत लांबलचक यमकबद्ध कथा म्हटल्या जात. त्यांना 'टोस्ट' म्हणतात. 'डझन्स' नावाच्या खेळात दोघे जण एकमेकांच्या आईचा उद्धार यमकात करत आणि आधी चिडेल तो हरे. (आपल्याकडे एवढी मोकळीक फक्त शिमग्याला.) मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे ३ मिनिटे मावत, त्यात असली कथा कशी बसावी? शिवाय शब्द छापील जगाला पेलणारे नव्हते. स्पेकल्ड रेड या पियानोवादकाने १९२९ साली मेम्फिसमध्ये डझन्स ध्वनिमुद्रित केले खरे, पण त्याला आधी सोवळे नेसवावे लागले.

"मग हे सगळे रॅपचे आजोबा का?" भाच्याने विचारले. फार तर चुलत आजोबा. रॅपची सुरुवात जिथून मानतात, त्या ११ ऑगस्ट १९७३च्या न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या पार्टीत बहिणीसाठी तबकड्या लावणारा कूल हर्क जमैकातील किंग्स्टनचा; मोठमोठे ध्वनिवर्धक लावून नाचवण्याची तिथली रीत त्याने लहानपणापासून पाहिलेली होती. गाण्यातला ढोलांचा तुकडा दोन तबकड्यांवर पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि माइकवर जोडीदाराने मित्रांची नावे पुकारायची, असा तो प्रकार होता. त्यासाठी बूशिलॉन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' हे गाजलेले रॅपगीत आले, ते तर १४ मिनिटांहून मोठे होते. टोस्टला जी ऐसपैस जागा मिळाली नव्हती, ती तोवर तबकडीवर झाली होती.

शेवटी मी माझ्या आवडीची तबकडी लावली. पाइनटॉप स्मिथ, शिकागो, २९ डिसेंबर १९२८. बुगी-वूगी म्हणजे नाचायला लावणाऱ्या धावत्या ठेक्याचा पियानो चालू असतो आणि हा गृहस्थ गाण्याच्या भानगडीत न पडता नाचणाऱ्यांना हुकूम सोडत असतो. लाल पोशाखातल्या एका मुलीला तो बजावतो, मी 'थांब' म्हटले की अजिबात हलायचे नाही. मग तो 'थांब' म्हणतो, पियानो थबकतो आणि पुढच्या हुकमासरशी पुन्हा सुटतो. भाचा घडी न घातलेल्या चादरीवर बोटांनी ठेका धरून होता, त्याचा हातही थांबला.

"भारीच आहे! याचं आणखी काय काय आहे?"

"मोजकंच. यानंतर अडीच महिन्यांनी शिकागोतल्याच एका नाचघरात गोळी लागून गेला तो. २४ वर्षांचा होता."

"म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा," भाचा म्हणाला. त्याने तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली आणि या वेळी 'थांब' येण्याआधीच हात उचलून धरला.