पोळ्याचा बैल अन् पोट्ट्यांची मीटिंग

सोयाबीन निघालं होतं, कापूस अजून वेचणीला यायचा होता, त्या मधल्या दिवसात आमच्या गावच्या पोट्ट्यांनी नाल्यावर वनराई बंधारा घातला. इंजिनियरचं काम नाही ते, सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांत माती भरायची, तोंड शिवायचं अन् विटांसारखे सांधे मोडत थर लावायचे, वाहतं पाणी अडतं.

संध्याकाळी समाजमंदिरात बसलो, मी नेहमीचा प्रश्न टाकला, कसं वाटलं? सगळ्यांचं एकच, "चांगलं वाटलं सर". संपली मीटिंग.

चूक माझीच. दिवसभर घमेली उचललेल्या पोराला एकदम असं विचारलं की त्याला शाळेचा फळाच दिसतो. मग पुढच्या रविवारी चित्रं नेली, ज्यानं त्यानं एक उचलायचं अन् त्यावरून आपल्या कामाबद्दल बोलायचं. असे विकतचे चित्रांचे कार्ड महाग, म्हणून जुनी कॅलेंडरं, पेपरच्या पुरवण्या, बियाण्याची पाकिटं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली, चाळीसेक झाली. पण निवडतानाच घोळ केला! मुंग्यांची रांग, हातात हात, रस्सीखेच, असलीच घेतली, अन् सगळे म्हणाले "एकी". मला जे ऐकायचं होतं तेच मी कापून आणलं होतं ना.

ती काढून टाकली, बिनकामाची वाटणारी ठेवली. कुलूप लावलेलं दार, उलटी बाज, एसटीच्या खिडकीतून आलेला हात, पोळ्याचा सजवलेला बैल. सतरंजीवर पसरायची, पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फिरून एक उचलायचं, दोघांना एकच आवडलं तरी चालतं. चित्रावर अक्षर मात्र नको, नाहीतर तेच वाचून दाखवतात.

बारावीतल्या एका पोरीनं बैल उचलला. "सर, याले एक दिवस झूल घालतेत, पुरणपोळी चारतेत, बाकी वर्षभर तुतारीचं टोचणं. बंधाऱ्याच्या दिवशी आमाले बी ताई ताई केलं, चुंगड्या आमी भरल्या, चहा बी आमीच केला, अन् फोटोत फक्त पोट्टे." कोणी हसलं नाही. मागून एक जण पुटपुटला, "खरं हाय बे". सरळ विचारलं असतं तर ती बोललीच नसती, चुलतभाऊ समोरच बसला होता, पण बैलाबद्दल बोलायला कोणाची भीती.

माझी जीभ वळवळत होती, "म्हणजे तुला समानता म्हणायचंय का" वगैरे. कसाबसा गप्प बसलो. एवढंच विचारलं, अजून काय दिसते? दुसरी म्हणाली, "वेसण बी दिसते नं."

१९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात कॅरोलाइन वँग अन् मेरी ॲन बरिस या दोन संशोधकांनी खेड्यातल्या बायांच्या हाती कॅमेरे दिले होते, जे दाखवायचं ते त्यांनीच टिपायचं अन् मग त्यावर बोलायचं, त्याला फोटोव्हॉइस म्हणतात. आमच्याकडं कॅमेरे नाहीत, मोबाईल आहेत. पुढच्या श्रमदानाला ते पोरींकडं दिले, प्रत्येकीनं दोनच फोटो. बंधाऱ्याचा एकही आला नाही. एक होता हँडपंपापाशी घासायला पडलेल्या गिलासांचा, मोबाईल हातोहात फिरला अन् पोट्टे त्यात आपापला गिलास शोधू लागले.