खांद्यात गेलेली सुई आणि पर्वरीचा ग्राहक आयोग

लस घेतल्यावर त्रास झाला तर भरपाई मागता येते का, असं डिचोलीतले ओळखीपाळखीचे लोक मला आता विचारतात. मी त्यांनाच विचारते, लस पैसे भरून घेतली होती की फुकट? हा प्रश्न मूळचा माझ्या वकीलबाईंचा. पहिल्या भेटीत मी एमआरआयची फाईल उघडायच्या आत त्यांनी तो टाकला. माझा हात वर जात नाही आणि ह्यांना पावतीचं पडलंय, असं तेव्हा मनात आलं होतं.

मी शिवणकाम करते. मे २०२२ मध्ये एका खासगी रुग्णालयात जाऊन कोविडची तिसरी मात्रा घेतली, तेव्हा तिला प्रिकॉशन डोस म्हणत. १८ ते ५९ वयाच्या लोकांना ती १० एप्रिलपासून खासगी केंद्रांत पैसे भरूनच मिळत होती. लसीचे २२५ रुपये आणि वर सेवाशुल्क, जास्तीत जास्त दीडशे. मला मधुमेह आहे, दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा, म्हणून थांबले नाही. थांबले असते तर १५ जुलैपासून पंचाहत्तर दिवस तीच मात्रा सरकारी केंद्रांत फुकट मिळाली असती. आणि मग ग्राहक आयोगाचं दार माझ्यासाठी बंद झालं असतं, कारण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथला रुग्ण कायद्याच्या भाषेत ग्राहक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवलं आहे. तीनशे-साडेतीनशे रुपयांच्या पावतीने मला ग्राहक केलं.

त्या दिवशी मी घट्ट बाह्यांचा कुर्ता घातला होता, स्वतःच शिवलेला. बाही वर सरकेना, म्हणून नर्सने गळा बाजूला ओढला आणि उभ्या उभ्याच सुई दिली. मी खुर्चीत बसलेली. मुलीने स्टेटसला टाकायला फोटो काढला. रात्री खांदा ठणकायला लागला. दोन दिवस दुखतंच, असं सगळे म्हणाले. दोन दिवसांचा आठवडा झाला, आठवड्याचा महिना. हात खांद्याच्या वर जाईना. गिऱ्हाइकाच्या पाठीवर टेप धरून माप घ्यायचं तर डाव्या हाताला उजव्या हाताने उचलून न्यावं लागे. ब्लाउज कापायचं काम मुलीवर आलं, इस्त्री बाहेर द्यायला लागले.

हाडांच्या डॉक्टरांनी पावसाळ्यात एमआरआय करायला लावला. दंडाच्या वरच्या स्नायूखाली एक पातळ पिशवी असते, तिच्यात पाणी झालं होतं आणि शेजारच्या स्नायूबंधांना सूज होती. डॉक्टरांनी माझ्याच खांद्यावर बोट ठेवून समजावलं: हे हाडाचं टोक, याच्या खाली दोन-तीन बोटं सोडून सुई द्यायची. वर गेली तर लस स्नायूत न पडता या पिशवीत पडू शकते, आणि मग सूज सांध्यात जाऊन बसते. देणारा उभा आणि घेणारा बसलेला असला, किंवा बाही न गुंडाळता गळा ओढला, की सुई वर जाण्याची शक्यता वाढते. लस कुठली होती याच्याशी फारसा संबंध नाही, म्हणाले.

हे वाक्य मी धरून ठेवलं, कारण तोवर भोवतालचे सल्ले भलतीकडेच चालले होते. कुणी म्हणे कंपनीवर केस घाल, कुणी म्हणे सरकारवर. मुंबई उच्च न्यायालयात एका वडिलांनी मुलीच्या मृत्यूबद्दल हजार कोटींची मागणी केल्याची बातमी भावोजींनी मला पाठवली. त्या वडिलांच्या दुःखापुढे माझा खांदा काहीच नाही, पण माझा रस्ताही तो नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की लसीच्या दुष्परिणामांसाठी सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही, ज्यांची तक्रार आहे त्यांनी दिवाणी न्यायालयात जावं. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने लसीच्या इजेसाठी वेगळी योजना आहे, कुणाची चूक ते सिद्ध न करता भरपाई मिळते. माझ्यासारखी खांद्याची इजा २०१७ पासून त्यांच्या भरपाईपात्र इजांच्या तक्त्यात आहे. एक अट अशी की दुखणं ४८ तासांत सुरू झालेलं हवं. (कोविडची लस मात्र त्या योजनेत नाही, तिच्यासाठी दुसरी आणि कंजूष व्यवस्था आहे.) ब्रिटनमध्ये १,२०,००० पौंड एकरकमी मिळतात, पण अपंगत्व साठ टक्के लागतं. तिथे मी दारातूनच परत आले असते. आणि मी दाद मागायला निघाले तेव्हा आपल्याकडे असा तक्ता नव्हता की योजना नव्हती.

वकीलबाई मला फुकट मिळाल्या. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो, हे आमच्याकडे फार बायकांना ठाऊकच नाही. त्यांनी पहिल्यांदा माझी तक्रार कापून लहान केली. 'लसीमुळे इजा' हे शब्दच काढून टाकले. त्याऐवजी लिहिलं, 'इंजेक्शन चुकीच्या जागी दिल्याने सेवेत त्रुटी'. कंपनी गेली, सरकार गेलं, उरलं फक्त रुग्णालय. मला आधी वाटलं, हे फारच थोडं मागतोय आपण. आता वाटतं, सिद्ध करता येईल तेवढंच मागितलं म्हणून पुढे तरी सरकलं.

घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायला हवी, म्हणून २०२४ च्या सुरुवातीला आम्ही पर्वरीला, उत्तर गोव्याच्या जिल्हा आयोगात ती दिली. भरपाई साडेतीन लाख मागितली होती, पण आयोगाचं शुल्क मोजतात ते आपण सेवेला दिलेल्या पैशांवर, आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य. कोविनच्या प्रमाणपत्रावर तारीख, केंद्र, बॅच नंबर, लस देणाऱ्याचं नाव, सगळं छापलेलं असतं. त्या कागदाची किंमत तेव्हा कळली. मुलीच्या फोनमधला फोटो तर सोनंच निघाला. कापसाचा बोळा हाडाच्या टोकाला जवळजवळ टेकलेला दिसतो. मी टेप घेऊन त्याच जागेचं माप काढलं, मोठ्या कागदावर खुणा करून दिल्या. खांद्याचं माप घेणं हा माझा धंदाच. वकीलबाईंनी मुलीकडून फोटोबद्दलचं प्रमाणपत्र सही करून घेतलं, नाहीतर समोरचे म्हणणार फोटो नंतरचा आहे.

सगळ्यात अवघड गेली ती डॉक्टरांची चिठ्ठी. तोंडाने स्पष्ट बोलणारे आमचे डॉक्टर कागद समोर आला की मऊ होत. "बाई, सुईमुळेच झालं असं मी लिहिणार नाही. मी तिथे नव्हतो." मी रागावून घरी आले. वकीलबाईंनी मला परत पाठवलं, वेगळा प्रश्न देऊन: आधी हा खांदा मोकळा होता का, दुखणं कधी सुरू झालं, आणि एमआरआयमध्ये जे दिसतं ते उंच गेलेल्या सुईशी जुळतं का? यावर त्यांनी पानभर लिहून दिलं. शेवटचा शब्द 'जुळतं' असा होता, 'झालं' असा नव्हता. तेवढाच आमचा पुरावा, आणि प्रामाणिकपणे बघितलं तर तेवढंच कुणालाही सांगता येण्यासारखं होतं.

रुग्णालयाचं उत्तर कायद्यातली पंचेचाळीस दिवसांची मुदत संपता संपता आलं. त्यांचं म्हणणं: बाईंना मधुमेह आहे, वय चाळिशीच्या पुढे, अशा बायकांचा खांदा आपोआपही आखडतो. हे खोटं नाही. फ्रोझन शोल्डर मधुमेहात जास्त आढळतो, हे मलाही आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण आपोआप आखडणारा खांदा हळूहळू आखडतो. एकाच रात्री, सुई दिलेल्याच खांद्यात, ठणका मारत तो सुरू होत नाही, असं आमचं म्हणणं. दोन्ही बाजू ऐकून कुणी ठामपणे निकाल देईल असं मला स्वतःला वाटेना.

मधल्या काळात आरोग्य केंद्रात जाऊन लसीनंतरच्या त्रासाची नोंदही केली. ही नोंद खरं तर पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी. ती आपण स्वतःही १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर करू शकतो. माझ्या नोंदीचं पुढे काय ठरलं ते विचारायला माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे.

तारखा पडत राहिल्या. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पणजीच्या बसने पर्वरी, आणि तिथे कळायचं की समोरच्या वकिलांना वेळ हवाय. शेवटी २०२५ मध्ये आयोगाने विचारलं, मध्यस्थीला तयार आहात का? वकीलबाई म्हणाल्या, "जिंकलो तरी ते राज्य आयोगात अपिलात जातील. विचार करा." मी रात्रभर हिशेब केला. एमआरआय, फिजिओथेरपी, सांध्यातली इंजेक्शनं आणि बंद पडलेलं काम मिळून खर्च दीड लाखाच्या पुढे गेला होता. मध्यस्थीत आकडा एक लाख साठ हजारांवर आला. चूक मान्य नाही, रुग्णालयाचं नाव कुठे घ्यायचं नाही, या दोन अटींवर. म्हणून इथेही नाव नाही.

सही करण्याआधी मी एक ओळ घालायला सांगितली: लस देणाऱ्या नर्सला बसायला स्टूल द्यावं आणि बाही वर होत नसेल तर हात पूर्ण मोकळा करून घ्यावा. समोरचे वकील हसून म्हणाले, "हे आम्ही करूच, लिहायला कशाला हवं?" मध्यस्थांनी सांगितलं, हे तक्रारीच्या कक्षेत बसत नाही. ओळ गेली. धनादेश महिनाभरात आला. हात आता कानापर्यंत जातो, त्याच्या वर नाही.