'घुंग'चा छडा लागला: 120 हर्ट्झवर तिघांची मिलीभगत

माझ्या डेस्कटॉप कॉम्प्युटरमधल्या त्रासदायक आवाजांच्या यादीत मागच्या अपडेटनंतर तीन उरले होते: 'टिकटिक', 'चिर्र' आणि 'घुंग'. पहिला संपला, दुसरा काबूत आला आणि ज्याने सगळ्यांचं डोकं खाल्लं त्या 'घुंग'चं कोडं सुटलं. आवाज अजून शंभर टक्के गेलेला नाही. पण तो आता हुकमी आणता येतो आणि हुकमी घालवताही येतो.

छोटे दोन आधी उरकतो.

'टिकटिक' मागच्या फॅनची होती. फॅन चार पिनांचा, पण बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) त्या हेडरचा, म्हणजे फॅन जिथे जोडतो त्या जागेचा, मोड 'ऑटो' होता आणि मदरबोर्ड त्याला डीसी (व्होल्टेजने गती ठरणारा) समजून व्होल्टेज कमी करत होता. कमी व्होल्टेजवर मोटर प्रत्येक फेरीत ठराविक ठिकाणी हिसके देते आणि मंद गतीत ते हिसके सुटे सुटे ऐकू येतात. मोड हाताने पीडब्ल्यूएमवर टाकला की फॅनला पूर्ण 12 व्होल्ट मिळतात आणि गती 25 किलोहर्ट्झच्या सिग्नलने ठरते, जो कानाच्या पलीकडचा आहे. टिकटिक तिथल्या तिथे बंद. बेअरिंगला तेल घालायला निघण्याआधी हे जरूर बघा. 'ऑटो' या पर्यायावर विश्वास ठेवू नये हे माझं ठाम मत.

'चिर्र' म्हणजे ग्राफिक्स कार्डाची कॉइल व्हाइन, करंटच्या धक्क्यांनी कॉइल थरथरून होणारा आवाज. खेळात नाही, मेनूत जास्त. कारण मेनूत फ्रेम रेट हजारांत जातो. व्हीआरएमची (कार्डावरच्या व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाची) स्विचिंग वारंवारता शेकडो किलोहर्ट्झ असते, ती ऐकू येत नाही. पण दर फ्रेमला करंट वरखाली होतो, आणि 2000 फ्रेम म्हणजे कॉइलला 2 किलोहर्ट्झचे धक्के. ड्रायव्हरमध्ये 140 ची मर्यादा घातली, वर थोडं अंडरव्होल्ट केलं (कार्डाचं व्होल्टेज उतरवलं), आता कान लावला तरच कळतं. कॉइलवर गरम गोंद ओतायचा सल्ला अजूनही फिरतो. आजचे चोक, म्हणजे याच कॉइल, आतून ठोस भरलेले असतात, गोंद फक्त बाहेरून चिकटतो. वॉरंटी तेवढी जाते.

आता 'घुंग'. लक्षणं थोडक्यात परत: मशीन निवांत असताना खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज, जो झोके घेतो. कधी सेकंदाला एक झोका, कधी तीन-चार सेकंदांना एक. लोड टाकला की गायब. साइड पॅनल काढलं की जवळजवळ गायब. खोली उकडत असेल तर कमी, गार असेल तर जास्त.

वैताग आणला तो चाचण्यांनी. पुढच्या फॅनच्या मधल्या टोपीवर बोट टेकवून तो थांबवला की आवाज बंद. म्हणजे फॅन दोषी? फॅन पुन्हा सुरू केला आणि हार्ड डिस्कची पॉवर काढली, तरीही आवाज बंद. म्हणजे डिस्क दोषी? दोन्ही चालू ठेवून साइड पॅनलवर तळवा दाबला, तरीही बंद. एकेक भाग काढून बघायच्या नेहमीच्या पद्धतीत, जो काढल्यावर आवाज थांबतो तोच चोर असं आपण धरतो. या न्यायाने फॅन बदलला असता तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती, कारण फॅनचं बेअरिंग ठणठणीत आहे. डिस्कही ठणठणीत: स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) रीअलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग शून्य, स्पिन रीट्राय शून्य, लाँग टेस्ट पास.

गाठ सुटली ती साध्या गुणाकाराने. 7200 आरपीएमची (मिनिटाला 7200 फेऱ्यांची) डिस्क म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या, म्हणजे 120 हर्ट्झ. पुढचे फॅन नऊ पात्यांचे. फॅनचा मुख्य सूर निघतो आरपीएम भागिले 60 गुणिले पात्यांची संख्या असा. 800 आरपीएमला 13.33 गुणिले 9, बरोबर 120 हर्ट्झ! आणि निवांत मशीनवर फॅन कर्व्ह (तापमानानुसार गती ठरवणारा आलेख) फॅनला नेमका 790 ते 800 च्या दरम्यान आणून ठेवत होता. तंबोऱ्याच्या दोन तारा एकाच सुराला लावताना किंचित फरक राहिला की स्वर झुलतो, तसं इथे डिस्क आणि फॅन एकमेकांशी झुलत होते. झोक्यांचा वेग म्हणजे दोन वारंवारतांमधला फरक. 796 आरपीएमला फॅनचा सूर 119.4, फरक 0.6 हर्ट्झ, म्हणजे साधारण पावणेदोन सेकंदांना एक झोका. 798 ला 0.3 हर्ट्झ, तीन सेकंदांहून थोडा जास्त. 790 ला सेकंदाला दीड झोका. नऊ पात्यांना प्रत्येक आरपीएममागे 0.15 हर्ट्झचा फरक पडतो, आणि फॅनची गती चार-पाच आरपीएमने सतत हलत असते, म्हणून झोका कधी मंद कधी जलद. डिस्कचा स्पिंडल (तिची फिरती दांडी) मात्र तसूभर हलत नाही.

हे नुसतं गणित म्हणून सोडायचं नव्हतं, म्हणून रेकॉर्डिंग. फोन कॅबिनेटच्या बाजूला मऊ कापडावर ठेवून एक मिनिटभर ध्वनिमुद्रण, मग ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे कोणता सूर किती मोठा त्याचा आलेख. इथे एक अडचण सगळ्यांनाच येते: 48000 च्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला 48000 नमुने) 65536 चा एफएफटी घेतला, म्हणजे एका वेळी तेवढे नमुने घेऊन स्पेक्ट्रम काढला, तरी दोन रेषांमधलं अंतर 0.73 हर्ट्झ पडतं, आणि आपल्याला 119.4 व 120 वेगळे दिसायला हवेत. उपाय सोपा आहे. आधी ट्रॅक 8000 ला रीसॅम्पल करा, मग तोच 65536 घ्या. अंतर 0.12 हर्ट्झवर येतं. त्यासाठी सव्वाआठ सेकंदांहून मोठा तुकडा लागतो, तो आहेच. असं केल्यावर चित्र स्वच्छ दिसलं: 120 वर सुईसारखी बारीक रेष, तिला खेटून डावीकडे एक पसरट उंचवटा. सुई डिस्कची, उंचवटा फॅनचा. गती जितकी डळमळीत तितकं शिखर पसरट, हे लक्षात ठेवलं तर नुसत्या आकारावरून भाग ओळखता येतो. फोनवरची थेट स्पेक्ट्रम ॲप्स पहिल्या अंदाजाला उत्तम, पण इतक्या बारकाईला कमी पडतात. शिवाय बऱ्याच फोनचे माइक 100 च्या आसपास मान टाकतात. तसं वाटलं तर 240 च्या पट्ट्यात बघा, तिथे हीच जोडी दुप्पट अंतराने दिसते.

पक्की खात्री करण्यासाठी डिस्कची केबल उपटायची गरज नाही. लिनक्सवर डिस्क अनमाउंट करून एचडीपार्म या कमांडला छोट्या वायचा (-y) पर्याय दिला की ती फिरणं थांबवून स्टँडबायमध्ये जाते. अनमाउंट विसरलात तर कुठलीतरी प्रक्रिया तिला लगेच उठवते आणि निष्कर्ष चुकतो. विंडोजमध्ये पॉवर प्लॅनमधली डिस्क बंद करण्याची मुदत एक मिनिटावर आणली की तेच काम होतं. स्पिंडल उतरताना ऐका: झोका आधी वेगवान होतो, मग विरतो. जिथे विजेची वारंवारता 60 हर्ट्झ आहे तिथे ही चाचणी हवीच, कारण तिथल्या मेन्सची गुणगुणसुद्धा बरोबर 120 वर बसते. 50 हर्ट्झवाल्यांची 100 वर, त्यांना गोंधळ कमी.

तिसरा भिडू म्हणजे साइड पॅनल. मशीन बंद, पॅनल नेहमीसारखं स्क्रूने घट्ट, मधोमध बोटाच्या पेराने एक टकटक आणि फोन पाच सेंटिमीटरवर. स्पेक्ट्रममध्ये 118 च्या आसपास रुंद शिखर. म्हणजे डिस्क आणि फॅन जिथे भांडतात नेमक्या त्याच सुरावर पत्रा नाचायला तयार बसला होता. पॅनल काढल्यावर आवाज का जायचा, तळव्याने का दबायचा, दोन्हींचं उत्तर हेच.

म्हणजे उपायाला तीन जागा. मूळ बेत डिस्कपासून सुरू करायचा होता: डिस्क आणि कॅबिनेटमध्ये बसणारे रबरी ग्रोमेट (कड्या). त्याचं गणित असं, की डिस्क आणि रबर मिळून जी स्वाभाविक वारंवारता होते ती 120 भागिले 1.41, म्हणजे 85 हर्ट्झच्या खाली असेल तरच रबर कंपनं अडवायला लागतं. खरा फरक 40 च्या खाली. डिस्कच्या साधारण 700 ग्रॅम वजनाने रबर जितके मिलिमीटर दबतं त्याच्या वर्गमुळाने 15.8 ला भागलं की ही वारंवारता मिळते. 40 हर्ट्झसाठी सुमारे 0.16 मिमी दबायला हवं. कॅबिनेटसोबत येणारे बहुतेक ग्रोमेट इतके टणक असतात की दबतच नाहीत, आणि साधा स्क्रू करकचून आवळला की उरलंसुरलंही जातं. खांदा असलेले लांब स्क्रूच वापरा, ते ठराविक खोलीवर थांबतात. आणखी एक: चपटी ताठ साटा पॉवर केबल कंपनं थेट पलीकडे पोचवते. तिला सैल वळसा दिला तेव्हा 120 ची सुई दिसण्याइतकी खाली आली. ग्रोमेटला हात न लावता, फुकटात!

हे मोजत असतानाच बेत फिरला. दोघांना वेगळं करायचंच असेल तर डिस्कला लटकवण्यापेक्षा फॅनला हलवणं स्वस्त. फॅन कंट्रोल या प्रोग्राममध्ये कर्व्हचा उतार काढून पायऱ्या केल्या: 50 अंशांखाली सपाट 690 आरपीएम, म्हणजे 103.5 हर्ट्झ; त्यावर थेट 900, म्हणजे 135. मधला 740 ते 860 चा पट्टा वर्ज्य. अशी उभी पायरी ठेवली की फॅन तिच्या काठावर वरखाली धावत बसतो आणि ते 'घुंग'पेक्षा वाईट, म्हणून 4 अंशांचा हिस्टेरेसिस (तापमान तेवढं हलल्याशिवाय गती न बदलणं) आणि खाली यायला जरा उशीर. पुढच्या फॅनना प्रोसेसरच्या तापमानाला बांधूच नका, ते क्षणात 15 अंश उडतं. ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्कचं तापमान द्या. 690 वर डिस्क 38 अंशांवर स्थिर आहे, तक्रार नाही.

याच गणिताने बाकीच्यांसाठी धोक्याचे आकडे: 7200 च्या डिस्कसोबत सात पात्यांना 1029, अकरा पात्यांना 655, पाच पात्यांना 1440. डिस्क 5400 ची असेल तर सूर 90 वर, म्हणजे नऊ पात्यांना 600, सात पात्यांना 771. यापासून निदान 50-60 आरपीएम दूर राहा. तुमच्या 'घुंग'ला ही टोपी बसते का ते फॅन 10-10 आरपीएमने सरकवून पाहा. झोक्याचा वेग बदलला तर बसते.

690 वर आणल्यावर मोठा घुमारा गेला, पण डिस्क स्टँडबायमध्ये टाकूनही अगदी पुसट, मंद झोका उरलाच. हे दोन पुढचे फॅन आपापसात. दोघे एकाच स्प्लिटरवर (एका हेडरवर दोन फॅन जोडणाऱ्या केबलवर) आहेत आणि स्प्लिटर टॅकची, म्हणजे गती कळवणारी, तार एकाच फॅनची पुढे देतो, त्यामुळे बोर्डाला दुसऱ्याची गती दिसतच नाही. एकाच मॉडेलचे, एकाच सिग्नलवरचे दोन फॅन पाच-सहा आरपीएमने सहज वेगळे पळतात. वेगळ्या हेडरवर नेऊन मुद्दाम 60 आरपीएमचं अंतर ठेवावं म्हटलं, तर फरक 9 हर्ट्झ होतो आणि झोक्याऐवजी खरखर ऐकू येते. आगीतून फुफाट्यात.

त्यापेक्षा हे लिहिता लिहिताच सुचलेलं बरं वाटतंय: मागचा फॅन सात पात्यांचा आहे. तो पुढे खाली आणायचा आणि पुढचा एक मागे. 690 वर सात पात्यांचा सूर 80.5, शेजारच्याचा 103.5, झोका जुळण्याचा प्रश्नच नाही. मागे गेलेला नऊ पात्यांचा 620 वर ठेवला तर 93. पुढच्या 103.5 शी फरक दहाच्या वर राहतो, पण मधे अख्खं कॅबिनेट आहे, खरखर ऐकू येऊ नये. आली तर तो 560 ला जाईल. डिस्कसमोर कोणता फॅन येतो त्यावर तिचं तापमान बदलेल, ते पुन्हा मोजावं लागेल.

पॅनलचं काम त्यानंतर. बिटुमेनचा (डांबरी, चिकटवायच्या शीटचा) 2 मिमी तुकडा, मधोमध, पत्र्याच्या पाव ते एक तृतीयांश भागावर. पूर्ण झाकायची गरज नसते, कंप सर्वांत मोठा मध्यालाच असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हेअर ड्रायरने कोमट करून, रोलरने दाबून. ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेला प्रकार टाळा. कोपरा सुटून बोर्डावर पडला तर शॉर्ट. मदरबोर्डच्या मागच्या बाजूच्या पॅनलला केबलींमुळे जागा मुळातच कमी असते, तिथे आधी अंतर मोजा. आणि 'सायलेंट किट' म्हणून विकला जाणारा फोम यासाठी घेऊ नका. 120 हर्ट्झची तरंगलांबी हवेत जवळपास 2.9 मीटर आहे, 6 मिमी फोम तिला दिसतसुद्धा नाही. 'चिर्र'साठी फोम चालेल.

फॅनची अदलाबदल आधी, बिटुमेन नंतर, दोन्ही एकदम नाही. नाहीतर कशाने किती फरक पडला ते कळणार नाही. दोन्हींच्या आधीचे आणि नंतरचे स्पेक्ट्रम फोनची तीच जागा ठेवून घेणार आहे. टकटक चाचणीत शिखर 118 वरून किती खाली सरकतं आणि किती बुटकं होतं, ते आकडे पुढच्या अपडेटमध्ये.