एकशे बारा सेक्टर

साताऱ्यातल्या एका छोट्या छापखान्याच्या काकूंचा फोन आला तेव्हा लग्नसराई तोंडावर होती. "दादा, कॉम्प्युटर फारच रेंगाळतोय, सुरू व्हायलाच सात-आठ मिनिटं घेतो. एसएसडी टाकून द्या. फक्त पेजमेकर आणि माझे फॉन्ट आहेत तसेच राहू देत."

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी, वेगवान डिस्क. ती लावून कोरी विंडोज टाकणं मला सोपं होतं. पण त्या सीपीयूत बारा वर्षांच्या लग्नपत्रिका, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट आणि डोंगलवर, म्हणजे परवान्याची किल्ली मागे खोचली तरच, चालणारं सॉफ्टवेअर होतं. त्याची सीडी केव्हाच हरवलेली. म्हणजे डिस्क आहे तशी उतरवून घ्यायला हवी.

कुठल्याही डिस्कला हात लावण्याआधी मी स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघतो. 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणाऱ्या जागा. त्यासमोर शून्य हवं, तिथं ११२ होते. अशा जागेशी डिस्क अडली की पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते आणि तोवर विंडोज नुसतं ताटकळत बसतं. काकूंना जे रेंगाळणं वाटत होतं ते हेच. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

"काकू, आता हा सुरूच करू नका," म्हटलं आणि सीपीयू दुकानात आणला.

एसएसडी ४८० जीबीची स्वस्त मिळते, पण जुनी डिस्क ५०० ची. सरळ कॉपीत ती मावणार नाही, म्हणून ५०० चीच घेतली. रात्री लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क उतरवून घेणारं सॉफ्टवेअर लावलं. ते आधी चांगला भाग पटापट उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. मरणाऱ्या डिस्कसाठी हाच क्रम योग्य. मधूनच डिस्क टक्‌-टक्‌ करायची, की माझा जीव खालीवर व्हायचा. सकाळपर्यंत शेवटचे १२ केबी सोडून सगळं आलं होतं.

नवी डिस्क लावली, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, डिस्कशी बोलायची आयडीई ही जुनी पद्धत बदलून एएचसीआय ही नवी केली, तर निळा स्क्रीन. घाई नडली. विंडोज ७ ला हा बदल आधी सांगावा लागतो. परत आयडीई केलं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'एमएसएएचसीआय' या ड्रायव्हरचा स्टार्ट शून्यावर आणला, मग एएचसीआय. उठला! बोर्ड जुन्या एच६१ चिपसेटचा, त्याला डिस्क जोडायला साटा-२ हे कमी वेगाचेच पोर्ट. एसएसडीचा पूर्ण वेग तिथं मिळत नाही. तरी डेस्कटॉप अर्ध्या मिनिटात समोर. हजारो बारीक फाइली शोधताना वाचणारं हेड इकडून तिकडे पळवावं लागत नाही, खरा फरक तिथं पडतो.

राहिलेले १२ केबी मला स्वस्थ बसू देईनात. डीडीरेस्क्यूने त्या जागी खुणेचा मजकूर भरता येतो, मग ती खूण कुठल्या फाइलीत सापडते ते शोधायचं. सापडली एकाच फाइलीत: गणपतीच्या आरत्यांची पुस्तिका.

काकूंना सांगितलं. त्यांनी कपाटातून नमुन्यांची फाइल काढली, पिवळी पडलेली पुस्तिका कीबोर्डशेजारी उघडी ठेवली आणि चष्मा सारखा करून पहिल्या ओळीपासून टाइप करायला बसल्या.