नववा नंबर

2 मार्च 2023, गुरुवार

आज गाडीची शिकवणी झाली नाही. चिरंजीव कालपासून घुश्शात आहेत. इंडियानापोलिसला कंबाइन चालू असताना बातमी आली, जॉर्जिया विद्यापीठाचा खेळाडू जेलन कार्टर याच्या नावानं अटक वॉरंट निघालंय. पोरगा गेले दोन महिने घरात एकच जप करतोय: ईगल्सनी, म्हणजे आमच्या फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघानं, ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले नवे गडी संघांनी निवडायच्या कार्यक्रमात, कार्टर घ्यायचा. आता जप करणाऱ्याचीच बोलती बंद.

कंबाइन म्हणजे कॉलेजातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये येणाऱ्या पोरांची तपासणी. वजन, उंची, हाताची लांबी, पळायला लागलेले सेकंद, सगळं मोजून लिहून घेतात. पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला वडगावचा जनावरांचा बाजार आठवला होता. दात बघायचे तेवढे बाकी. हे मी मोठ्यानं बोलले आणि पोरगा आठवडाभर माझ्याशी फुटबॉलवर बोलला नाही.

प्रकरण काय, तर 9 जानेवारीला जॉर्जिया विद्यापीठानं टीसीयूला, म्हणजे टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला, 65-7 असं लोळवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. 14 तारखेला विद्यापीठाच्या अथेन्स गावात मिरवणूक निघाली. त्याच रात्री, म्हणजे 15 च्या पहाटे पावणेतीनच्या सुमाराला, दोन गाड्या भरधाव निघाल्या. एक कार्टरची जीप, दुसरी संघाच्या कर्मचारी मुलीच्या हातातली फोर्ड. पोलिसांचं म्हणणं, शर्यत चालली होती आणि फोर्डचा वेग ताशी 104 मैलांपर्यंत गेला होता. फोर्ड रस्ता सोडून खांबांवर, झाडांवर आदळली. कार्टरच्या संघातलाच डेव्हिन विलॉक, वय 20, आणि गाडी चालवणारी चँडलर लक्रॉय, वय 24, दोघं गेले.

104 मैल म्हणजे 167 किलोमीटर. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवरसुद्धा कुणी या वेगानं गेलं तर आपण शिव्या घालतो. हा तर गावातला रस्ता.

नवरा म्हणाला, "गाडी ती चालवत होती, दारूही तीच प्यायली होती. याच्यावर साधे गुन्हे आहेत, बेदरकार गाडी आणि शर्यत. मनुष्यवधाचा नाही." खरं आहे. पोलिसांनीच तसं सांगितलंय. तरी घास घशाखाली उतरेना.

16 मार्च, गुरुवार

कार्टरनं आज कोर्टात आरोपांना आव्हान दिलं नाही. बारा महिन्यांचं प्रोबेशन, हजार डॉलर दंड, ऐंशी तास समाजसेवा. कोर्टाचं काम संपलं.

पण आजची घरातली चर्चा त्यावर नव्हतीच. कालच्या प्रो-डेवर होती. विद्यापीठाच्या मैदानावर सगळ्या संघांचे लोक बघायला आले आणि साहेब 323 पौंड भरले. दोन आठवड्यांपूर्वी 314 होते. नऊ पौंड, म्हणजे चार किलो, पंधरा दिवसांत. वर कसरती पुऱ्याही करता आल्या नाहीत. धाप लागली, पाय वळले.

टीव्हीवरच्या मंडळींनी मग जोखमींची यादी वाचली. वजन. दम. मेहनतीची वृत्ती. वकिलांचा ससेमिरा. मी भाकऱ्या थापत ऐकत होते. यादी संपली तरी ती दोन पोरं काही त्यात आली नाहीत. म्हणजे आली, पण "ऑफ-फील्ड इश्यू" या नावानं आली.

22 मार्च, बुधवार, पाडवा

गुढी डेकच्या कठड्याला बांधली. वाऱ्यानं तांब्या दोनदा पडला, शेवटी झिपटाय लावला.

आण्णांना कोल्हापूरला व्हिडिओ कॉल केला. नातवानं आजोबांसमोर कार्टरचं रडगाणं लावलं. आण्णांचा फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमवरचा, तालीम संघांचा, ज्यात पायानंच खेळतात. पण त्यांनी खासबागेत आयुष्यभर कुस्त्या पाहिल्यात, आणि पोरानं फोनवर कार्टरचे दोन-तीन व्हिडिओ दाखवल्यावर ते लगेच सावरून बसले.

"ही तर कुस्तीच हाय की रं."

आहेच. डिफेन्सिव्ह टॅकल हा मधल्या फळीतला गडी. समोर तीनशे पौंडांचे दोघे-दोघे आडवे असतात, त्यांना फोडून मागच्या क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं आणि त्यानं चेंडू टाकायच्या आत त्याला लोळवायचं. त्याला सॅक म्हणतात. गेल्या मोसमात आमच्या ईगल्सनी 70 सॅक केले, आणि 12 फेब्रुवारीच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स याच्यावर, शून्य. 38-35 नं हरलो. त्यात मधल्या फळीतला हारग्रेव्ह, 11 सॅकवाला, आता सॅन फ्रान्सिस्कोला गेला. फ्लेचर कॉक्सचं वय झालं. म्हणजे मधोमध भगदाड आहे, आणि ते बुजवणारा या वर्षीच्या पोरांत हाच एक. पोराचं म्हणणं इथवर बिनतोड आहे.

आण्णांनी पुन्हा पुन्हा बघितलं. हा पोरगा हातांनी समोरच्याचे हात झटकतो आणि एका खांद्यानं आत शिरतो. एवढं वजन घेऊन इतकं वाकणं. आण्णा म्हणाले, "अंगात रग हाय. वजनाचं काय, खुराक तोडला की उतरतंय. दम बी येतोय जोर-बैठकांनी." मग जरा थांबले. "वस्ताद कोण हाय?"

पोराला वस्ताद म्हणजे काय ते मी सांगितलं. तो म्हणाला, जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस आणि नकोबी डीन गेल्याच वर्षी ईगल्समध्ये आलेत, कॉक्स आहे, ब्रँडन ग्रॅहम आहे. सगळे सांभाळतील.

"त्ये सोबती झालं," आण्णा म्हणाले. "मी वस्ताद इचारतोय."

9 एप्रिल, रविवार

एक्स्टनहून रूट 30 वर. 1 तास 10 मिनिटं.

पेनसिल्व्हेनियात सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो. मग सहा महिने मोठ्या माणसाला शेजारी बसवून 65 तास भरायचे. त्यातले दहा रात्रीचे, पाच खराब हवेतले. त्याची मी वही केलीय. दोनशे पानी, तांबड्या पुठ्ठ्याची, कोल्हापूरहून येताना कधीतरी आणलेली. तारीख, रस्ता, वेळ, माझी सही.

आज चांगला चालवत होता. आरसे बघत होता. तेवढ्यात डावीकडून एक काळी गाडी खर्रकन गेली, सायलेन्सर फाटल्यासारखा आवाज करत. पोरगा काही बोलला नाही. मानही वळवली नाही. पण मला सीटमधून कळलं. गाडी जराशी मागं दबते ना, तसं. मैलांचा काटा 58 वरून 63, 67, 71.

माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. माझ्या बाजूला ब्रेक नाही.

"किती?" मी एवढंच विचारलं.

त्यानं काट्याकडं बघितलं आणि खरंच दचकला. "मी मुद्दाम नाही केलं, आई."

मला ठाऊक आहे मुद्दाम नाही केलं. त्याचीच तर भीती आहे. घरी येईपर्यंत दोघंही गप्प. वहीत वेळ लिहिली, बाकी काही लिहिलं नाही.

16 एप्रिल, रविवार

शेजारचे आजोबा या वर्षीचं पहिलं गवत कापत होते. अंगात हिरवा, धुऊन धुऊन पांढुरका झालेला स्वेटशर्ट, पाठीवर 99. दर वसंतात हाच असतो. चौदा वर्षं शेजारी राहतेय, पण कुणाचा नंबर ते कधी विचारलं नव्हतं. आज पोरानं कुंपणावरून कार्टरचा विषय काढला आणि त्यांनी मशीन बंद केलं.

जेरोम ब्राऊन. हाही डिफेन्सिव्ह टॅकल, हाही ईगल्सचा. 1987 च्या ड्राफ्टमध्ये घेतलेला. दांडगा, बडबड्या, आणि खेळायला लागला की आवरायचा नाही. 1991 मध्ये ईगल्सचा बचाव धावेविरुद्ध, पासविरुद्ध आणि एकूण, तिन्हीत पहिला होता, त्याच्या मधोमध हा. 25 जून 1992 ला फ्लोरिडात, स्वतःच्या गावी, गाडी भरधाव चालवताना उलटली. तो गेला. शेजारी बारा वर्षांचा पुतण्या होता, तोही गेला. ब्राऊन 27 चा होता. त्याच संध्याकाळी फिलाडेल्फियाच्या स्टेडियममध्ये बिली ग्रॅहम यांची धर्मसभा होती, तिथं ब्राऊनच्याच संघातल्या रेगी व्हाइटनं व्यासपीठावरून हजारो लोकांना सांगितलं की माझा दोस्त आज गेला.

99 नंबर ईगल्सनी नंतर कुणाला दिला नाही.

पोरानं विचारलं, "मग तुमचं मत काय? घ्यावा का कार्टर?"

आजोबा मशीनच्या दोरीला हात घालत म्हणाले, ब्राऊनबद्दल मला आधी कुणी विचारलं असतं तरी मी घ्या म्हटलं असतं. पुढं काय होणार ते सांगून विचारलं असतं, तरीही बहुतेक तेच म्हटलं असतं, आणि ते मला स्वतःलाच आवडत नाही. मग दोरी ओढली.

27 एप्रिल, गुरुवार, रात्री

साडेअकरा वाजून गेलेत, शाळेची रात्र, आणि हा अजून जागा.

आज ड्राफ्ट. निवडीत ईगल्सचा नंबर दहावा होता. गेल्या मोसमात जो संघ तळाला, त्याचा नंबर आधी. सुपर बोल हरलेल्या संघाला एवढा वरचा नंबर कसा, हे मला नवऱ्यानं तीनदा समजावलं. स्वतःचा तिसावाच होता, दहावा न्यू ऑर्लिन्सचा, गेल्या वर्षीच्या सौद्यातून आलेला. त्यामुळं नवऱ्याचं म्हणणं, हा फुकटचा पैसा, जोखीम घ्यायची तर यावरच घ्यावी. गरजेच्या पैशानं जुगार खेळू नये, हे त्यांचं तत्त्व. मी म्हटलं, जुगारच खेळू नये हे माझं.

पाचव्या नंबरावर सिअॅटलला हा गडी हवा असेल असं सगळे म्हणत होते. त्यांनी विदरस्पून घेतला. अॅरिझोना, रेडर्स, अटलांटा, सगळ्यांनी त्याला ओलांडलं. हिवाळ्यात ज्याला पहिल्या नंबराचा म्हणत होते, तो कोपऱ्यात उभा. नववा नंबर शिकागोचा. त्यांची मधली फळी आमच्याहून पोकळ. ते घेणारच, असं म्हणत पोरगा उशीत तोंड खुपसून बसला.

आणि शिकागोनं नंबरच विकला. आम्हाला. आमचा दहावा आणि पुढच्या वर्षीच्या चौथ्या फेरीतला एक नंबर, एवढ्याच्या बदल्यात.

पोरगा सोफ्यावरून उडाला. नवरा उडाला. मी पण उठले, का ते माहीत नाही. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांनी एवढ्याशा मोबदल्यात हा का सोडला, हा प्रश्न तोंडावर आला होता, तो गिळला. पडद्यावर कार्टर आईला मिठी मारत होता. ती बाई रडत होती. मला विलॉकची आई आठवली, जिला मी कधी पाहिलं नाही. अशा वेळी माणूस काय करतं? मी चहा टाकला.

मग पोरगा एकदम म्हणाला, "आई, नववा." नवऱ्यानं फोनवर शोधलं. 1987, पहिली फेरी, जेरोम ब्राऊन, नववा.

शेजारी दिवा लागलेला होता. कुणीच तिकडं जाऊया म्हणालं नाही.

5 सप्टेंबर 2025, शुक्रवार

ही वही आज वरच्या फळीवर सापडली म्हणून पुढं लिहितेय. मधली दोन वर्षं कोरी.

थोडक्यात सांगायचं तर पोराचं खरं ठरलं. पहिल्याच मोसमात कार्टरनं सहा सॅक केले. या जानेवारीत रॅम्सविरुद्ध बर्फात, शेवटच्या मिनिटांत, ते आमच्या गोलपट्टीजवळ येऊन ठेपलेले असताना यानं त्यांच्या क्वार्टरबॅकला, स्टॅफर्डला, पाडलं आणि पुढच्याच डावात पुन्हा अंगावर जाऊन त्याचा पास चुकवला. 28-22. आणि 9 फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्समध्ये त्याच महोम्सला सहा वेळा लोळवलं. त्यातला एकही कार्टरच्या नावावर नाही. त्याला थोपवायलाच दोघे-दोघे गुंतले होते, बाकीचे मोकळे सुटले. आण्णा ते बघायला हवे होते. त्यांना एवढं एकच दृश्य पुरलं असतं.

आणि काल मोसमाचा पहिला सामना, डॅलसशी, घरच्या मैदानावर. खेळ सुरू होऊन घड्याळात सहा सेकंद झाले होते. कार्टर डॅलसचा क्वार्टरबॅक प्रेस्कॉट याच्यावर थुंकला आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. बचावाचा एक डावही न खेळता.

पोराचा हॉस्टेलवरून फोन. संतापलेला. "तू तेव्हाच म्हणाली होतीस. डोकं नाहीच त्याला. विकून टाकावा."

मी भांडी पुसत होते. गंमत म्हणजे मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली. तो चोविसाचा आहे, चूक झाली म्हणून कबूलही झालाय. "थुंकणं घाणेरडंच," मी म्हटलं. "पण थुंकल्यानं कुणी मरत नाही."

"ते वेगळं, आई."

"वेगळंच आहे. तेच म्हणतेय."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "24-20 नं जिंकलो तरी."

"बघितलं मी. वीज चमकायला लागली म्हणून मध्येच थांबवला होता ना, तेवढ्यात डोळा लागला माझा." आणि मग, "शनिवारी येतोयस ना? गाडी घेऊन?"

"हो. का गं?"

"रात्रीचा निघू नकोस. सकाळी ये."