पगार सरकार देतं, मग शाळेला पैसे कशाला लागतात?

"शिक्षकांचे पगार सरकार देतं, जागा ऐन पेठेत, माजी विद्यार्थी जगभर पसरलेले. मग तुम्ही सारखी देणगी कशाला मागता?" लग्नकार्यात, बँकेत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, कुठेही गेले तरी हा प्रश्न ठरलेला. इंग्रजांच्या काळात निघालेल्या, पुण्याच्या पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेची मी कोषाध्यक्ष आहे. त्याआधी तिथलीच विद्यार्थिनी. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

पगाराचं म्हणणं खरं आहे. मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा पगार शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतून थेट त्यांच्या खात्यात जातो. पण पदं किती मंजूर, हे दर वर्षी संचमान्यतेत ठरतं. पटावरची मुलं मोजली जातात, त्यांचे आधार क्रमांक जुळवले जातात. पट घसरला की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाने दुसऱ्या शाळेत जातो. कुणी निवृत्त झालं, तर पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून, नवा माणूस मिळेपर्यंत वाट पाहायची. दहावीचं गणित तोवर थांबत नाही, म्हणून संस्था स्वतःच्या पैशातून तात्पुरता शिक्षक नेमते. चित्रकला आणि संगीताचंही तेच. शिपायांच्या बाबतीत तर २०२० च्या शासन निर्णयाने नियमित पदाऐवजी ठोक भत्ता आला, आणि त्या भत्त्यात दिवसभर थांबणारा माणूस पेठेत मिळत नाही.

पगाराखेरीजच्या खर्चासाठी वेतनेतर अनुदान असतं. वीज, पाणी, खडू, प्रयोगशाळेतली रसायनं, झाडलोट, दुरुस्ती हे सगळं त्यात बसवायचं. ते तुटपुंजं आहे आणि ते कधी हातात पडेल याचा नेम नसतो. वीजबिलाची तारीख मात्र दर महिन्याला येते.

आता छपराबद्दल सांगते, कारण आमचा जीव त्यात सगळ्यात जास्त अडकलेला असतो. जुन्या इमारतीवर मंगलोरी कौलं आहेत, खाली सागवानी वासे. दर मे महिन्यात कौलं चाळावी लागतात. ती एकेक करून उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, तपासायच्या, कुजलेल्या बदलायच्या आणि पुन्हा ओळीने लावायची. हे काम येणारी माणसं आता मोजकी उरली आहेत, त्यामुळे त्यांना फेब्रुवारीतच सांगून ठेवावं लागतं. जुन्या मापाचं कौल नवं मिळत नाही, म्हणून कुठे वाडा पाडला जातोय याच्यावर आमचा एक विश्वस्त लक्ष ठेवून असतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे दोन उतारांच्या मधली पत्र्याची पन्हळ. अंगणातल्या वडाची पानं तिच्यात साचली की पाणी थेट नववीच्या वर्गाच्या भिंतीत उतरतं, पोपडे सुटतात आणि बाकं मधल्या रांगेत ओढून मुलं दाटीवाटीने बसतात. हे काम दर वर्षीचं आहे. त्याच्यापुढे फीत कापता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही.

पैशाची ही ओढाताण नवी आहे असं कुणी समजू नये. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणधोरणाच्या पत्राने, खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट उघडली आणि १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने खासगी प्रयत्नांवर आणखी भर दिला. पण पुण्यातल्या शाळा अनुदानाच्या भरवशावर उभ्या राहिल्या नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकर पुढे येऊन मिळाले. १८८४ मध्ये त्यांची डेक्कन एज्युकेशन सोसायटी ही संस्था झाली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षं नाममात्र पगारावर शिकवायचं बांधून घेतलं. तो पगार महिना ७५ रुपये होता. निधी गोळा करायला त्यांचे सहकारी माधवराव नामजोशी संस्थानं पालथी घालत होते. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी स्वतःचे १,२०० रुपये दिले. आणि टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली, त्यात आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही हा वाद मोठा होता. त्या काळाबद्दल बोलताना आपण ध्येयवाद सांगतो आणि हिशेबाच्या वह्या विसरतो. माझ्या मते त्या वह्या जास्त शिकवतात. शाळेचा सगळ्यात मोठा देणगीदार तेव्हा तिचा शिक्षकच होता, कमी पगार घेऊन तो दर महिन्याला देणगी देत होता. आजच्या शिक्षकाकडून ती अपेक्षा मी करणार नाही. घर चालवणाऱ्या माणसाला पूर्ण पगार मिळालाच पाहिजे. पण मग तो वाटा दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवा ना?

"फी वाढवा" असं अनेक जण सुचवतात. त्यांनी एकदा मधल्या सुट्टीत शाळेत यावं. पेठेतले वाडे पडले, कुटुंबं कोथरूड आणि सिंहगड रस्त्याला गेली, त्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत. आज आमच्याकडे येतात ती दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली, जनता वसाहतीतली मुलं. कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते, कुणाचे वडील सोसायटीत वॉचमन आहेत, बरीच घरं मराठवाड्यातून आलेली. अनुदानित शाळेत या मुलांकडून फी घ्यायची नसते, आणि नियम नसता तरी मी घेऊ दिली नसती. शाळा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे अनुदान सोडून फीवर चालणारी, करून इंग्रजी माध्यमाची करावी, असाही सल्ला मिळतो. तसं केलं तर छप्पर नवं होईल आणि त्याखाली ही मुलं नसतील.

राहिली गोष्ट बँकेतल्या ठेवींची. ताळेबंदात त्या दिसतात, म्हणून लोकांना वाटतं संस्था गब्बर आहे. त्यातल्या कितीतरी ठेवी बक्षिसांच्या आहेत. कुणी आईच्या स्मरणार्थ, कुणी गुरुजींच्या नावाने पाचशे रुपये कायम निधी म्हणून दिले आणि व्याजातून संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस द्यावं अशी अट घातली. तेव्हा पाचशे रुपये ही केवढी तरी रक्कम होती. आज सात टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज पस्तीस रुपये होतं. मुद्दलाला हात लावता येत नाही, दात्याची अट आपल्या मनाने बदलता येत नाही. आम्ही ते बक्षीस तरीही देतो, वरची भर घालून, दात्याचं नाव व्यासपीठावरून वाचून. त्या माणसाने विश्वासाने पैसे दिले होते.

म्हणून माझी विनंती अगदी व्यवहारातली आहे. नवं सभागृह, नावाची पाटी, कायम निधी यांच्याआधी चालू खर्चाला द्या. दरमहा पाचशे दिलेत तरी चालतील, फक्त ते नेमाने येऊ द्यात. म्हणजे तात्पुरत्या शिक्षकाला जूनमध्येच वर्षभराचा शब्द देता येईल आणि मुलींच्या स्वच्छतागृहासाठी बाई रोज येईल, आठवड्यातून दोनदा नव्हे. पावती फाडताना कारकून विचारेल, "कशासाठी लिहू?" त्याला सांगा, "शाळेला लागेल त्यासाठी."