ऐकणाऱ्याकडे पाहताना

नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या सरांनी एक विचित्र गृहपाठ दिला होता. एखादा प्रयोग असा पाहायचा की बोलणाऱ्या नटाकडे पाहायचेच नाही, त्या वेळी जो ऐकत असेल त्याच्यावरच नजर ठेवायची. त्याच आठवड्यात परशुराम साईखेडकर नाट्यगृहात एका हौशी संचाचा ‘नटसम्राट’चा प्रयोग होता, म्हणून मी वही घेऊन चौथ्या रांगेत जाऊन बसले.

निवड चुकली, हे तिसऱ्या घंटेनंतर पाच मिनिटांतच लक्षात आले. ज्या नाटकात बोलणाऱ्यावरून नजर काढणे सर्वांत अवघड, नेमके तेच मी निवडले होते. त्यातून हे नाशिक. शिरवाडकर आमचे, त्यामुळे १९७० च्या डिसेंबरात डॉ. श्रीराम लागूंनी प्रथम उभे केलेले अप्पा बेलवलकर इथल्या कित्येक घरांत एखाद्या थोरल्या नातेवाइकासारखे वावरतात. माझ्या शेजारच्या काकू तर घर मागण्याचे ते स्वगत ओठांतल्या ओठांत, अप्पांच्या अर्धे वाक्य पुढे राहून म्हणत होत्या. सगळ्यांना सगळेच पाठ असलेल्या प्रेक्षागृहात खरोखर ऐकत कोण असेल, असा प्रश्न मला पडला आणि वहीतली पहिली नोंद काकूंचीच झाली.

घरातल्या प्रवेशांत अप्पा बोलत असताना मुले, सून, जावई त्यांच्याकडे पाहत होते खरे, पण त्यांचे डोळे आपापल्या पुढच्या वाक्यावर होते. क्यू आला की बोलायचे, संपले की पुन्हा थांबायचे. हा दोष नटांचा की त्या पात्रांचा, हे मला शेवटपर्यंत नीट कळले नाही. पण आईवडिलांना आपल्यात सामावून न घेणाऱ्या घरात तो शोभून गेला, एवढे मात्र खरे. कावेरी तेवढी ऐकत होती. नवऱ्याच्या तोंडचे प्रत्येक भाषण आयुष्यभर ऐकलेल्या बाईने ते आणखी एकदा कसे ऐकावे, हे त्या नटीला नेमके कळले होते: ती अप्पांकडे फारसे पाहतच नव्हती, तिची मान तेवढी त्यांच्या श्वासाबरोबर किंचित हलत होती.

आणि मग तो फुटपाथ आला. मुलीने चोरीचा संशय घेतल्यावर घर सुटलेले, आता कावेरीही नाही, आणि अप्पांना आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा. ही भूमिका करणारा मुलगा अगदी नवखा असावा, कारण त्याच्या आवाजाला पोच नव्हती आणि शेवटच्या रांगांपर्यंत त्याची निम्मी वाक्ये पोहोचली नसतील. पण अप्पा जुन्या भूमिकांतले काही बोलू लागले, तेव्हा बुटावर फिरणारा त्याचा ब्रश आधी मंदावला, नंतर थांबला आणि तसाच हवेत राहिला. अप्पा काय बोलत आहेत, हे त्या राजाला कळत नव्हते. हा माणूस आपल्याशी बोलतो आहे, एवढे त्याला कळत होते. अप्पांचे काम करणाऱ्या ज्येष्ठ नटालाही ते जाणवले असणार, कारण प्रेक्षकांकडे फेकायचे वाक्य त्यांनी आवाज खाली आणून त्या पोराला सांगितले. शेजारच्या काकूंचे ओठ त्या क्षणी थांबले. हे वाक्य त्यांना पाठ नव्हते, असे मला वाटत नाही.

प्रयोगानंतर शालिमारपर्यंत चालत जाताना आईचा फोन आला. घरी पाहुणे येणार होते, नळाला पाणी नव्हते, आणि मी नेहमीप्रमाणे मोबाइल कानाला लावून रस्त्यावरच्या पाट्या वाचत ‘हं, हं’ म्हणत होते. आपले हे ‘हं’ अप्पांच्या सुनेच्या तोंडी फार छान बसेल, असे मनात आल्यावर मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि पाण्याची संपूर्ण हकिगत ऐकून घेतली. बरी मोठी होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या एकांकिकेच्या तालमीत मी हा नवा धडा लगेच वापरला. समोरची मैत्रीण तिचे लांबलचक वाक्य बोलत होती, मी अगदी मनापासून ऐकत होते, आणि ती थांबल्यावरही ऐकतच राहिले. शेवटी विंगेतून प्रॉम्प्टरने माझे वाक्य दोनदा सांगितले, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.